मतदारसंघांची संदर्भसूची कुठे चुकते आणि ती ताजी कशी ठेवायची

प्रश्न थोडक्यात असा: महाराष्ट्रातल्या विधानसभा मतदारसंघांचा एक तक्ता संदर्भासाठी ठेवला आहे. त्यात क्रमांक, नाव, जिल्हा, आरक्षण, लोकसभा मतदारसंघ, समाविष्ट गावं आणि प्रभाग, मतदारसंख्या, आमदार आणि पक्ष एवढे रकाने आहेत. दर निवडणुकीला कुणीतरी बसून तो नव्याने भरतं, तरी चुका निघतातच. माहिती कुठून घ्यावी आणि किती दिवसांनी तपासावी?

किती दिवसांनी, याचं उत्तर सगळ्या तक्त्याला मिळून एक नाही. एका ओळीत शेजारी-शेजारी बसलेल्या या गोष्टी बदलायचा अधिकार वेगवेगळ्या लोकांकडे आहे. मतदारसंघाचा क्रमांक, नाव, हद्द आणि आरक्षण परिसीमन आयोग (परिसीमन म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखणं) ठरवतो. जिल्हा आणि तालुका राज्य शासनाच्या अधिसूचनेने बदलतात. महापालिकेचे प्रभाग जवळजवळ प्रत्येक पालिका निवडणुकीला नव्याने पडतात. मतदार यादी निवडणूक आयोगाची, आणि आमदार तर मृत्यू, राजीनामा, अपात्रता यांपैकी कशानेही मधेच बदलू शकतो. तक्ता बनवणारा हे सगळं एका फाइलमध्ये, एका तारखेला, एकाच स्रोतावरून उतरवतो. चुकीचं मूळ तिथे आहे. प्रत्येक रकान्यापुढे 'हे कोण बदलू शकतं' एवढं लिहून ठेवलं, तरी निम्मं काम होतं.

पाया म्हणून काय धरायचं याबद्दल शंका नको. परिसीमन अधिनियम, २००२ खाली न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून जी पुनर्रचना केली, ती 'संसदीय व विधानसभा मतदारसंघ परिसीमन आदेश, २००८' या नावाने एकत्र आली. राजपत्रातला हा आदेश म्हणजे मूळ दस्तऐवज. जिल्ह्याच्या संकेतस्थळावरची यादी, वर्तमानपत्रातला नकाशा, विश्वकोशातलं पान ही सगळी त्याची नक्कल, आणि नकलेत मजकूर घसरतो. महाराष्ट्रात या रचनेनुसार पहिली निवडणूक २००९ ची. त्याआधीची रचना १९७६ च्या आदेशाची, म्हणजे १९७१ च्या जनगणनेवरची.

या दोन रचना एकमेकींत मिसळणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. जुन्या क्रमात एक क्रमांक सावंतवाडीचा होता आणि गणती कोकणातून सुरू व्हायची. आजच्या क्रमात एक नंबर अक्कलकुव्याचा आहे आणि सावंतवाडी २७० वर आहे. म्हणजे २००४ चे निकाल आणि २००९ चे निकाल नुसत्या क्रमांकावर जोडले, तर सावंतवाडीची मतं अक्कलकुव्याच्या खात्यात जातात, आणि संगणक तक्रार करत नाही. नावावर जोडलं तरी सुटका नाही. बारामती दोन्ही रचनांत आहे, पण नाव तेच राहिलं म्हणून हद्द तीच राहिली असं कुणी सांगितलेलं नाही. पर्वती आधी अनुसूचित जातींसाठी राखीव होता, आता खुला आहे. नाशिक जिल्ह्यातला दाभाडी नावाचा मतदारसंघ तर राहिलाच नाही. तिथे आता मालेगाव मध्य आणि मालेगाव बाह्य हे दोन आहेत. लोकसभेत एरंडोल, डहाणू, खेड, राजापूर, इचलकरंजी, पंढरपूर, कोपरगाव ही नावं गेली आणि रावेर, पालघर, मावळ, शिरूर, माढा, शिर्डी, हातकणंगले ही आली.

म्हणून ओळखक्रमांक (कळीचा रकाना) नेहमी दोन भागांचा ठेवा: आदेशाचं वर्ष आणि क्रमांक. '२००८-२०१' म्हणजे आजची बारामती. नुसतं '२०१' किंवा नुसतं 'बारामती' कधीही कळ म्हणून वापरू नका. बाहेरच्या माहितीशी जोडायचं असेल तर राज्याचा संकेतांकही लागतो, आणि तिथे आणखी एक खड्डा आहे: निवडणूक आयोगाच्या निकालांत महाराष्ट्र 'एस१३' असतो, जनगणनेत २७. दोन्ही वेगळ्या रकान्यांत ठेवा.

नावांचा दुसरा घोटाळा विधानसभा आणि लोकसभा यांच्यात होतो, कारण डझनावारी नावं दोन्हीकडे आहेत. हातकणंगले विधानसभा (२७८) अनुसूचित जातींसाठी राखीव आहे आणि हातकणंगले लोकसभा खुली. शिर्डीत बरोबर उलटं: विधानसभा (२१८) खुली, लोकसभा राखीव. अमरावती आणि रामटेकही शिर्डीसारखेच. 'शिर्डी – राखीव' असं कुठे वाचलं की कोणती शिर्डी ते आधी विचारा. शिवाय कर्जत रायगडमध्ये (१८९) आहे आणि कर्जत-जामखेड अहिल्यानगरमध्ये (२२७). जळगाव शहर आणि जळगाव ग्रामीण खानदेशात, तर जळगाव (जामोद) बुलढाण्यात.

आरक्षणाबद्दल एक गैरसमज वारंवार दिसतो. जिल्हा परिषदेत आणि महापालिकेत आरक्षण फिरतं, सोडत निघते, म्हणून विधानसभेतही ते फिरत असेल असं धरून लोक 'अद्ययावत' करायला जातात. तसं नाही. अनुसूचित जाती-जमातींचे मतदारसंघ परिसीमनात ठरतात आणि पुढच्या परिसीमनापर्यंत तसेच राहतात. हा रकाना २००८ पासून हललेला नाही. तुमच्या फाइलच्या इतिहासात तो मधेच बदललेला दिसला, तर तो बदल चुकीचा आहे हे न तपासताच समजा.

आता जिल्हा. इथे तपशिलात जायला हवं, कारण बहुतेक चुका इथल्याच.

आदेशात मतदारसंघाची व्याप्ती तालुका, महसूल मंडळ, तलाठी सजा, नगरपालिका, महापालिकेचे वॉर्ड अशी लिहिली आहे. ही सगळी प्रशासकीय एककं १५ फेब्रुवारी २००४ रोजी जशी होती तशी धरलेली आहेत. त्यानंतर शासनाने जिल्हा तोडला, तालुका नवा केला, सजांची फेररचना केली, पालिकेची हद्द वाढवली, तरी मतदारसंघाची रेघ जागची हलत नाही. परिसीमन अधिनियमाच्या कलम ११ खाली निवडणूक आयोगाला आदेश अद्ययावत ठेवायचा अधिकार आहे खरा, पण तो किती, हे नीट वाचावं. छपाईची किंवा नजरचुकीची दुरुस्ती करता येते. आदेशात नमूद केलेल्या जिल्ह्याची वा विभागाची हद्द किंवा नाव बदललं, तर त्याप्रमाणे वर्णन सुधारता येतं. मात्र अशा अधिसूचनेने कोणत्याही मतदारसंघाची हद्द, क्षेत्र किंवा व्याप्ती बदलता येत नाही, हे त्याच कलमात लिहिलं आहे.

पालघरचं उदाहरण घ्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा निघाला. त्यापूर्वीच्या तक्त्यात ठाणे जिल्ह्यात २४ मतदारसंघ होते: १२८ ते १५१. विभाजनानंतर १२८ डहाणू ते १३३ वसई हे सहा पालघरकडे गेले आणि ठाण्याकडे १८ उरले. आदेशाची मूळ प्रत उघडली तर डहाणू अजून ठाण्याखालीच छापलेला दिसेल, आणि ते चूक नाही. ती २००८ ची प्रत आहे. तक्त्यात यासाठी दोन ओळी हव्यात: एक, मतदारसंघ २००८-१२८, जिल्हा ठाणे, पर्यंत ३१ जुलै २०१४; दुसरी, मतदारसंघ २००८-१२८, जिल्हा पालघर, पासून १ ऑगस्ट २०१४. जुनी ओळ पुसायची नाही. पुसली की २००९ च्या निवडणुकीचा 'जिल्हावार निकाल' काढताना पालघर नावाचा जिल्हा, जो तेव्हा नव्हताच, त्यात उगवतो.

आणि प्रकरण इथे संपत नाही. वाडा तालुका पालघर जिल्ह्यात गेला, पण त्या तालुक्याचा काही भाग १३४ भिवंडी ग्रामीणमध्ये आहे, आणि भिवंडी ग्रामीणची गणना ठाणे जिल्ह्यात होते. म्हणजे एकच मतदारसंघ आज दोन महसुली जिल्ह्यांत पसरला आहे. 'एका मतदारसंघाला एक जिल्हा' असं गृहीत धरून बनवलेली रचना इथे मोडते. उपाय सोपा आहे: मतदारसंघाच्या ओळीत 'निवडणूक जिल्हा' लिहा, म्हणजे ज्याच्या जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे तो मतदारसंघ येतो तो, आणि महसुली जिल्हा गावाच्या ओळीत लिहा. दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळे रकाने.

पालिकेच्या हद्दवाढीत हेच घडतं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आली, नंतर ती वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. या साऱ्या काळात ती २०२ पुरंदर विधानसभेतच होती, म्हणजे बारामती लोकसभेत. 'पुणे महापालिका म्हणजे पुणे लोकसभा' असं सूत्र लावून ज्यांनी पत्त्यावरून मतदारसंघ काढला, त्यांची उत्तरं या गावांपुरती सतत चुकत राहिली. खडकवासला (२११) हाही बारामती लोकसभेत आहे, हे पुण्यात राहणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं.

शहरी मतदारसंघांसाठी आदेशात दिलेले वॉर्ड क्रमांक हे त्या वेळचे आहेत. आजचा प्रभाग क्रमांक त्यांच्याशी ताडून बघू नका. आकडा जुळला तर तो योगायोग. महापालिकेचे प्रभाग, जिल्हा परिषदेचे गट, पंचायत समितीचे गण यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. विधानसभा आणि लोकसभा भारत निवडणूक आयोगाकडे. दोन आयोगांच्या हद्दी एकमेकांत बसवण्याचा प्रयत्न गावपातळीवर जमतो, प्रभागपातळीवर नाही.

नामांतराची बाबही याच वळणाची. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. जिल्ह्याचं नाव बदललं. मतदारसंघाचं आपोआप बदललं नाही. नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा निवडणूक १०७ औरंगाबाद मध्य, १०८ औरंगाबाद पश्चिम, १०९ औरंगाबाद पूर्व, २४२ उस्मानाबाद आणि २२५ अहमदनगर शहर याच नावांनी झाली. उत्साहाच्या भरात सगळीकडे 'शोधा आणि बदला' चालवलं की जिल्ह्याचा रकाना सुधारतो आणि मतदारसंघाचा बिघडतो. दोन रकाने वेगळे असतील तर एकेकटा सुधारता येतो. वाचकाला दोन्ही नावांनी सापडावं म्हणून 'इतर नावं' असा तिसरा रकाना ठेवा. तो शोधासाठी, छापण्यासाठी नाही.

नावांच्या लेखनावरही थोडं. 'कऱ्हाड' आणि 'कराड' दोन्ही रूढ आहेत, पण यादीत २५९ आणि २६० हे 'कराड उत्तर' आणि 'कराड दक्षिण' आहेत. अधिकृत रूप एक निवडा आणि दुसरं पर्यायी नावांत टाका. संगणकाची गोम निराळीच: 'कऱ्हाड'मधला अर्धा र दोन पद्धतींनी टंकला जातो, एकदा नुक्त्याच्या ऱ ने आणि एकदा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, शोधात मात्र जुळत नाहीत. युनिकोडचं प्रमाणीकरण ऱ ची दोन रूपं एक करतं, पण अदृश्य जोडचिन्हाचं रूप त्याच्या आवाक्याबाहेर आहे. ते तुम्हालाच बदलावं लागतं. नावांच्या शेवटी चिकटून आलेली मोकळी जागाही अशीच दिसत नाही. आणि स्प्रेडशीटमध्ये '१-४' किंवा '५-९' असा पल्ला इंग्रजी अंकांत लिहिलात तर त्याची तारीख होते. क्रमांकांचे रकाने आधीच 'मजकूर' म्हणून ठरवून टाका.

विधानसभा ते लोकसभा हा दुवा मात्र सरळ आहे. कायद्यानेच प्रत्येक विधानसभा मतदारसंघ संपूर्णपणे एकाच लोकसभा मतदारसंघात असतो, आणि महाराष्ट्रात प्रत्येक लोकसभेत बरोबर सहा. गल्लत होते ती जिल्हा मधे घातल्याने. धुळे लोकसभेत नाशिक जिल्ह्यातले मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण आहेत. माढ्यात सातारा जिल्ह्यातले फलटण आणि माण. मावळात रायगडचे पनवेल, कर्जत, उरण. उस्मानाबादेत लातूरचा औसा आणि सोलापूरची बार्शी. हिंगोलीत यवतमाळचा उमरखेड. मुंबई दक्षिण मध्यमध्ये उपनगर जिल्ह्यातले अणुशक्तीनगर आणि चेंबूर. जिल्ह्यावरून लोकसभा काढण्याचं कोणतंही सूत्र लिहू नका. २८८ ओळींचा जोडतक्ता एकदा नीट भरा. त्याला परत हात लावायची गरज पुढच्या परिसीमनापर्यंत नाही.

आता पटापट बदलणारे रकाने.

मतदारसंख्या तारखेशिवाय लिहिली तर तिला अर्थ नसतो. २०२२ पासून मतदार नोंदणीसाठी वर्षात चार अर्हता दिनांक (ज्या दिवशी वयाची १८ वर्षं पूर्ण असावी लागतात ते दिवस) आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्यात प्रारूप यादी वेगळी, अंतिम यादी वेगळी, निवडणुकीच्या तोंडावरची पुरवणीसह यादी वेगळी, आणि सेवा मतदार (सैन्यदलांत वगैरे नोकरीला असलेले) धरले की नाही हा प्रश्न आणखी वेगळा. दोन स्रोतांत काही हजारांचा फरक दिसला की लगेच एकाला खोटं ठरवू नका. आधी दोन्हींची तारीख आणि प्रकार बघा. आकडा, तारीख, यादीचा प्रकार, सेवा मतदार समाविष्ट की नाही, असे चार रकाने हवेत.

मतदान केंद्रं आणि यादी भाग (मतदार यादीचे केंद्रागणिक पाडलेले तुकडे) यांचंही तसंच. केंद्रांचं सुसूत्रीकरण होत राहतं. आधी एका केंद्राला कमाल १५०० मतदार असत, २०२५ मध्ये ही मर्यादा १२०० वर आणली गेली, म्हणजे केंद्रांचे क्रमांक पुन्हा सरकणार. २०१९ चा भाग क्रमांक ११२ आणि २०२४ चा ११२ एकाच वस्तीचे असतील याची खात्री नाही. केंद्रनिहाय निकाल नमुना २० मध्ये असतो. तो साठवताना केंद्राचं नाव आणि पत्ताही साठवा, नुसता क्रमांक नाही. सहायक केंद्र '१४५अ' असं येतं, तेव्हा इथेही रकाना मजकुराचाच. टपाली मतांची ओळ वेगळी असते, ती गाळली की बेरीज जुळत नाही.

आमदाराचा रकाना एकाच नावाचा ठेवणं ही जुनी खोड आहे. तिथे सदस्यत्वाचा तक्ता हवा: कोण, कधीपासून, कधीपर्यंत, कसा आला, का गेला. २०१९ च्या विधानसभेत २१५ कसबा पेठ आणि २०५ चिंचवड या दोन्ही जागा सदस्यांच्या निधनाने रिक्त झाल्या आणि २६ फेब्रुवारी २०२३ रोजी पोटनिवडणूक होऊन २ मार्चला निकाल लागला. एका मुदतीत दोन सदस्य. 'आमदार (२०१९–२४)' असा एकच रकाना असेल तर एक नाव गळणारच, आणि सहसा पहिलंच गळतं, कारण नवीन नाव त्यावर लिहिलं जातं.

सुरुवातीची तारीख कोणती धरायची यावरही वाद होतात. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६७अ प्रमाणे निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवाराला निवडून आल्याचं घोषित करतो ती निवडीची तारीख. शपथेची तारीख वेगळी. हवी तर दोन्ही ठेवा, पण एका रकान्यात मिसळू नका.

जागा रिक्त असेल तर स्पष्ट 'रिक्त' लिहा, तारखेसह. आणि नियमावरून भविष्य वर्तवू नका. कलम १५१अ म्हणतं की जागा रिक्त झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हावी. उरलेली मुदत वर्षाहून कमी असेल किंवा आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून तेवढ्या काळात ती घेणं कठीण असल्याचं प्रमाणित केलं, तर अपवाद. पुणे लोकसभेची जागा २९ मार्च २०२३ रोजी रिक्त झाली. मुदत वर्षाहून अधिक उरली होती. तरी पोटनिवडणूक झाली नाही. उच्च न्यायालयाने ती घ्यायचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि जागा २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रिकामीच राहिली. ज्यांच्या तक्त्यात 'अपेक्षित पोटनिवडणूक: सप्टेंबर २०२३' असं आपोआप भरलं गेलं, त्यांचा तक्ता वर्षभर खोटं बोलत होता. अधिसूचना निघेपर्यंत तो रकाना रिकामा बरा.

पक्षाच्या रकान्यात महाराष्ट्राने सगळ्या देशाच्या तक्तेवाल्यांना धडा दिला आहे. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी 'शिवसेना' हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिलं, ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसचं नाव आणि घड्याळ अजित पवार यांच्या गटाला. म्हणजे २०१९ च्या ओळीतली 'शिवसेना' आणि २०२४ च्या ओळीतली 'शिवसेना' ही अक्षरं तीच असली तरी दुसरीच्या शेजारी 'शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)' हाही पक्ष उभा आहे. पक्षाला स्वतंत्र ओळखक्रमांक द्या आणि नाव-चिन्ह यांना 'पासून–पर्यंत' तारखा द्या. आमदारापुढे दोन रकाने: निवडून येतानाचा पक्ष आणि सध्याचा पक्ष. पहिला निकालाच्या कागदावरून येतो आणि कधी बदलत नाही. दुसरा बातमीवरून भरायचा नाही. विधिमंडळ सचिवालयाच्या नोंदीवरून भरायचा, नसेल तर सोडायचा.

विधान परिषद याच फाइलमध्ये कोंबू नका. ७८ जागा, त्यांत पदवीधर ७, शिक्षक ७, स्थानिक प्राधिकारी २२, विधानसभा सदस्यांकडून ३०, राज्यपाल नियुक्त १२. यांतल्या ४२ जागांना भूगोलच नाही, आणि पदवीधर-शिक्षकांची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने तयार होते. तिचा तक्ता वेगळा.

नकाशाच्या फाइल हा सगळ्यांत दगाबाज भाग. फिरणाऱ्या बहुतेक हद्दी छापील नकाशावरून हाताने गिरवलेल्या असतात. गावाच्या शिवेपेक्षा शे-दोनशे मीटर सरकलेल्या. राज्याचा रंगीत नकाशा काढायला त्या पुरतात, पत्त्यावरून मतदारसंघ सांगायला नाही. त्यासाठी गावांच्या हद्दी घेऊन आदेशातल्या वर्णनाप्रमाणे जोडायच्या, आणि शहरात यादी भागांच्या पत्त्यांवरून पडताळायचं. गावाला २००१ च्या जनगणनेचा, २०११ च्या जनगणनेचा आणि पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेचा, असे तीन क्रमांक असतात. तिन्ही ठेवा, कारण आदेश पहिल्याच्या काळातला आणि बाकीची माहिती पुढच्या दोघांवर येते. पिनकोडवरून मतदारसंघ काढायचा मोह आवरा. पिन टपाल कार्यालयाच्या सोयीने पडतो आणि मतदारसंघाची रेघ बिनदिक्कत ओलांडतो.

तपासणीसाठी माणसापेक्षा बेरजा विश्वासू. प्रत्येक बदलानंतर या चालवा: ओळी २८८, क्रमांक १ ते २८८ सलग, एकही दोनदा नाही. अनुसूचित जाती २९, जमाती २५, खुले २३४. लोकसभा ४८, प्रत्येकीत सहा. त्यांत जाती ५, जमाती ४. जिल्हे ३६, त्यांची बेरीज २८८: मुंबई उपनगर २६, पुणे २१, ठाणे १८, नाशिक १५, अहिल्यानगर आणि नागपूर प्रत्येकी १२, असं करत खाली. आजच्या क्रमात जिल्ह्याचे क्रमांक सलग येतात (नंदुरबार १–४, कोल्हापूर २७१–२८०, सांगली २८१–२८८), म्हणून एखादा जिल्हा मधेच तुटलेला दिसला तर तिथे ओळ चुकली आहे. सदस्यत्वाच्या तक्त्यात एका मतदारसंघाच्या दोन मुदती एकमेकींवर चढत नाहीत ना, तेही बघा.

पण बेरीज जुळली म्हणजे माहिती बरोबर, असं नव्हे. आसामात २०२३ मध्ये नवं परिसीमन झालं. जागा आधी १२६ होत्या, नंतरही १२६. लोकसभा १४ च्या १४. तरी कालियाबोरचं काझीरंगा झालं, तेजपूरचं सोनितपूर, आणि विधानसभेच्या हद्दी ठिकठिकाणी नव्याने आखल्या गेल्या. नुसत्या संख्येवर भरवसा ठेवणारा तक्ता तिथे हिरवा दिवा दाखवत राहिला असता. नवीन आदेश येतो तेव्हा जुन्या ओळी सुधारायच्या नसतात. नव्या वर्षाच्या नव्या ओळी तयार करायच्या, जुन्यांना 'पर्यंत' तारीख लावायची, आणि जुन्या-नव्याचा दुवा एकास-एक न ठेवता 'या गावांपुरता यातून त्यात' असा गावपातळीवर ठेवायचा.

वेळापत्रक महिन्यांवर न ठेवता घटनांवर ठेवा. राजपत्रात जिल्हा वा तालुक्याची अधिसूचना निघाली, तर फक्त जिल्हा आणि गाव हे रकाने. मतदार यादी प्रसिद्ध झाली, तर मतदारसंख्या आणि यादी भाग. निकाल लागला, तर सदस्य. आयोगाने कलम ११ खाली काही दुरुस्ती काढली, तर व्याप्तीचं वर्णन. महिन्यातून एकदा बघायचं ते एवढंच: एखादी जागा रिक्त झाली का.

प्रत्येक बदलाची नोंद एका ओळीत ठेवा: कोणता रकाना, आधी काय होतं, आता काय, कोणत्या अधिसूचनेवरून, अधिसूचनेची तारीख, आणि तुम्ही केव्हा बदललं. शेवटच्या दोन तारखा वेगळ्या असतात आणि दोन्ही लागतात. कुणी विचारलं की 'मार्च २०१५ मध्ये तुमच्या यादीत डहाणू ठाण्यात का होता', तर पहिली तारीख सांगते की तो नसायला हवा होता, आणि दुसरी सांगते की तुमच्याकडे ती सुधारणा उशिरा झाली.

वाचकांकडून येणाऱ्या दुरुस्त्यांचं काय करायचं, हेही ठरवून ठेवा. त्यांतल्या बऱ्याच 'आमचं गाव त्या मतदारसंघात नाही' अशा असतात आणि त्या ऐकण्यासारख्या असतात, कारण माणसाला आपण कुठे मत देतो हे माहीत असतं. गावाचं नाव आणि यादी भाग क्रमांक विचारून घ्या, चालू यादीत तो भाग उघडून बघा. एकाच नावाची दोन गावं एकाच तालुक्यात असणं महाराष्ट्रात नवं नाही, बुद्रुक आणि खुर्द गाळलं की हमखास हेच होतं. यादी आणि तक्ता यांत फरक निघाला तर आदेशातलं वर्णन उघडा. तिथे महसूल मंडळ दिलेलं असेल तर ते गाव २००४ मध्ये कोणत्या मंडळात होतं हे शोधावं लागतं, आजच्या मंडळांची यादी इथे कामाची नाही. ते सापडेपर्यंत ती ओळ 'तपासणीत' अशी खूण करून ठेवा आणि जुनं मूल्य तसंच राहू द्या.